सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी बाबांचे गाणे गाऊन घ्यावे का?

घणसोलीहून आलेले हे पत्र बरेच मोठे आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग देऊन उत्तराकडे वळत आहे.

‘माझे वय ५८. लहानपण ठाण्याला, नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात गेले. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. १९९४ साली ते गेले. जुन्या भावगीतांचे त्यांना वेड होते आणि रविवारी दाढी करताना ते “गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का” हे गाणे हमखास गुणगुणत. आजही ते ऐकले की खिडकीला टांगलेला आरसा, साबणाचा वास, त्यांचा बनियन, सगळे डोळ्यांपुढे उभे राहते. दर रविवारी सकाळी मी घरातल्या सर्वांना बसवून बाबांच्या आवडीची गाणी लावतो, मध्ये थांबवून त्यांच्या आठवणी सांगतो. पण माझी २४ वर्षांची मुलगी पाच मिनिटांत मोबाइल हातात घेते. परवा तर म्हणाली, “बाबा, आधी गाणं तरी संपू दे.” आई आमच्याकडेच असते. ती बाकी सर्व गाणी ऐकते, पण हे एक लागले की उठून आत जाते. (तिला कानाचे यंत्र आहे. शिवाय १९८२ साली बाबांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून हेच गाणे रेकॉर्ड केले होते, तेव्हा मध्येच आई “अहो, दूध उतू जातंय” असे ओरडली आणि रेकॉर्डिंग बिघडले. बाबा त्या दिवशी तिच्यावर फार चिडले होते. ती कॅसेट अजून माळ्यावर आहे, पण तिचा आता काही उपयोग नाही.) येत्या मार्गशीर्षात आईचे सहस्रचंद्रदर्शन आहे. वाशीत छोटा हॉल घेतला आहे, एक गायिका आणि दोन वादक ठरवले आहेत. आईला काहीही न सांगता, नेमके औक्षणाच्या वेळी हे गाणे गाऊन घ्यावे, अशी माझी फार इच्छा आहे. पत्नी म्हणते, नको. आपले मत काय?’

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मत विचारले आहे, म्हणून आडवळणाने न जाता सांगतो की आईला विचारल्याशिवाय ते गाणे त्या दिवशी मुळीच ठेवू नका. घरी हे गाणे लागले की तुमच्या आईंना उठून आत जाता येते. हॉलमध्ये त्या जरीकाठाचे लुगडे नेसून, गळ्यात हार घालून, पुढे निरांजनांचे तबक घेऊन उभ्या असलेल्या सुनांच्या आणि लेकींच्या घोळक्यात बसलेल्या असतील, समोर पन्नास-साठ नातेवाईक असतील आणि त्यांतल्या निम्म्यांच्या हातात मोबाइल असेल. तेथून त्यांना उठता येणार नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेच, तर ‘बाबांच्या आठवणीने गहिवरल्या’ असे सर्वजण म्हणतील, चित्रफितीखाली तसे लिहिलेही जाईल आणि खरे कारण काय होते हे विचारण्याची वेळ कायमची निघून जाईल. ज्या माणसाने आजवर या गाण्याला दर वेळी एकाच पद्धतीने उत्तर दिले आहे, त्याला उत्तर देण्याची सोयच राहणार नाही अशा जागी बसवून तेच गाणे ऐकवणे, याला मी तरी भेट म्हणणार नाही.

आता कारण शोधायचे, तर आधी सर्वांत साधे कारण तपासून बाजूला ठेवू या. कानाची यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकू यावे म्हणून बनवलेली असतात. संगीतातले बारीक-मोठे आवाज बोलण्यापेक्षा फार दूरवर पसरलेले असतात, आणि लांबवलेला, उंच, एकसारखा स्वर आला की काही यंत्रांना ती आपलीच शिट्टी वाटते व ती तो स्वर दाबू पाहतात. ऐकणाऱ्याला मग गाणे थरथरलेले किंवा किनरे लागते. लता मंगेशकरांचा वरच्या पट्टीतला स्वर अशा यंत्रातून कसा लागत असेल, याची कल्पना करून पाहा. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते आणि ती जुळणी यंत्र देणारे तज्ज्ञ करून देतात. कार्यक्रमाआधी ती जरूर करून घ्या, कारण हॉलमधल्या ध्वनिक्षेपकांपुढे याचा त्रास वाढेल, आणि आईंची खुर्चीही त्यांच्यापासून लांब ठेवा. परंतु बाकीची गाणी, त्यांतली लताबाईंचीही असणारच, त्या शेवटपर्यंत ऐकतात असे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा सगळा दोष यंत्रावर टाकता येत नाही.

मग गाण्याकडेच पाहू. हे गीत पी. सावळाराम यांचे, संगीत वसंत प्रभू यांचे आणि स्वर लता मंगेशकरांचा. सावळाराम तुमच्याच ठाण्याचे. ते शहराचे नगराध्यक्षही होते आणि त्यांच्या नावाने ठाणे महापालिका पुरस्कार देते. तुमच्या वडिलांना या गाण्याविषयी जी आपुलकी होती, तिच्यात गावचा कवी असल्याचा थोडा अभिमानही असू शकेल. पण गाण्यात आहे काय? लेक सासरी निघाली आहे आणि तिला निरोप दिला जात आहे. एके काळी लग्नाच्या मांडवात पाठवणीची वेळ आली की कर्ण्यावर हेच गाणे लागत असे आणि वऱ्हाडातले पुरुषसुद्धा तोंड फिरवून उभे राहत. तुम्ही ते दाढीच्या साबणासह ऐकले, म्हणून तुमच्यासाठी ते रविवारच्या सकाळचे, वडिलांचे गाणे झाले. तुमच्या आईंचे लग्न तुमच्या जन्माआधी, म्हणजे साठीच्या दशकात झाले असणार. त्यांच्या मांडवात हे गाणे वाजले होते की नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? तुमच्या पत्रात नौपाडा आहे, वागळे इस्टेट आहे, बाबांचा बनियनसुद्धा आहे; आईंचे माहेर कोठले, हे मात्र तीन पानांत कोठेही नाही.

दुसरी शक्यता तुम्हीच लिहिली आहे, पण कंसात. पत्रांच्या सदराचे काम करणाऱ्याला एक सवय लागते, ती अशी की कंसातला मजकूर आधी वाचायचा. नवऱ्याच्या सर्वांत आवडत्या गाण्याचे रेकॉर्डिंग आपल्या तोंडून निघालेल्या एका वाक्याने बिघडले आणि त्याबद्दल त्याने मुलांदेखत बोल लावले, ही गोष्ट तुमच्या लेखी गमतीची असेल. त्या वेळी तुम्ही चौदा वर्षांचे होतात. त्या सदतीस वर्षांच्या होत्या आणि दूध खरोखरच उतू जात होते. पुढे बारा वर्षे नवरा दर रविवारी तेच गाणे गुणगुणत राहिला. ते चिडणे त्या विसरल्या असतील, किंवा त्यावर दोघे नंतर हसलेही असतील. मी येथे बसून काहीच ठरवू शकत नाही, आणि माझा मुद्दाही तेवढाच आहे की घणसोलीत त्यांच्या शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या तुम्हीही न विचारता ते ठरवू नये.

विचारायचे कसे, हा प्रश्न नाजूक आहे. गाणे चालू असताना विचारू नका, रविवारच्या बैठकीत सर्वांसमोर तर नाहीच, आणि सहस्रचंद्रदर्शनाचा विषयही त्यात आणू नका, कारण ‘मुलाने एवढा खर्च केला आहे’ या भिडेपोटी त्या लगेच होकार देतील. दुपारी त्या भाजी निवडत किंवा वाती वळत बसल्या असतील, अशा वेळी शेजारी बसा. ‘तुला हे गाणं का आवडत नाही?’ असा जाब विचारल्यासारखा प्रश्न केला, तर ‘तसं काही नाही रे’ एवढेच ऐकायला मिळेल. त्याऐवजी, ‘बाबा दाढी करताना गाणं म्हणायचे, तेव्हा तू काय करत असायचीस?’ असे विचारून पाहा. या प्रश्नाला उत्तर देताना त्यांना स्वयंपाकघरापासून सुरुवात करता येईल. कदाचित त्या माहेरपर्यंत जातील, कदाचित दुधापर्यंतच येऊन थांबतील. त्या जेथे थांबतील तेथे तुम्हीही थांबा. त्यांनी विषय बदलला, तर तोच नकार समजून ते गाणे यादीतून काढून टाका आणि पुन्हा कधी कारण विचारू नका. ऐंशी वर्षांच्या माणसाने आपली प्रत्येक आठवण मुलाला समजावून सांगितलीच पाहिजे, असा काही नियम नाही.

मुलीच्या बाबतीत तुम्ही उगाच खट्टू झाला आहात. ‘आधी गाणं तरी संपू दे’ हे कंटाळलेल्या माणसाचे वाक्य नाही. कंटाळलेला माणूस गाणे संपण्याची वाट पाहतो, पण ते अखंड ऐकू द्या असे म्हणत नाही. तुम्ही तीन मिनिटांचे गाणे दोनदा थांबवून त्यात सहा मिनिटांची आठवण घालता, त्यामुळे तिला धड गाणेही मिळत नाही आणि धड गोष्टही. आठवण आधी सांगा, थोडक्यात सांगा आणि मग गाणे लावून शेवटपर्यंत गप्प बसा. शिवाय दर रविवारी सगळी गाणी तुमचीच का? माणसाला साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतल्या आठवणी पुढे आयुष्यभर अधिक ठळकपणे आठवतात आणि त्या काळातली गाणीही तशीच चिकटून राहतात, असे स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार आढळले आहे. तुमची मुलगी त्याच वयात आहे. सकाळी ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये उभ्याने जाताना तिच्या कानात जे वाजते, ते तिला तुमच्या वयाची झाल्यावर असेच दाटून येणार आहे. एका रविवारी तिला तिचे गाणे लावू द्या आणि ‘यात शब्द कळत नाहीत’, ‘आमच्या वेळी चाली असायच्या’ असे काहीही न बोलता ऐका. हे तुम्हाला कठीण जाईल, तरीही करा.

याच संदर्भात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहकारी यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुम्हाला दिलासा देईल. विशीतल्या तरुणांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या काळातल्या गाण्यांप्रमाणेच त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातली गाणीही त्यांना विशेष ओळखीची वाटली आणि आवडली. घरात लहानपणी जे कानावर पडले, ते रुजले, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो. तेव्हा मुलगी मोबाइल हातात घेऊन का होईना, पण त्या खोलीत बसलेली आहे, हे पुरेसे समजा.

आता ज्या वस्तूसाठी मी हे उत्तर एवढे लांबवले, त्या कॅसेटकडे येतो. ‘तिचा आता काही उपयोग नाही’ हे तुमच्या पत्रातले सर्वांत चुकीचे वाक्य आहे. यूट्यूबवरून जे गाणे तुम्ही रविवारी लावता, ते स्वच्छ, संपूर्ण आणि सर्वांना उपलब्ध आहे. तुमच्या मुलीला ते तुमच्याशिवायही कधीही मिळेल. त्यात तुमचे घर नाही. नौपाड्यातल्या खोलीत रेडिओसमोर ठेवलेल्या टेपरेकॉर्डरने मात्र गाण्याबरोबर खोलीही टिपली आहे. तिच्यात तुमच्या आईंचा सदतिसाव्या वर्षीचा आवाज आहे, स्टोव्हचा किंवा शेगडीचा आवाज असेल, बाहेरून गेलेल्या सायकलची घंटी असेल, आणि रेकॉर्डिंग बंद करण्यापूर्वी वडील जे काही बोलले असतील तेही असेल. ज्या आजोबांना तुमच्या मुलीने कधी पाहिलेही नाही, त्यांचा आवाज तिला ऐकवण्याची ही कदाचित एकमेव सोय आहे. ज्या दुधामुळे ती फीत बिघडली असे तुम्ही समजता, त्याच दुधामुळे ती ऐकण्याजोगी झाली आहे.

ती माळ्यावरून काढाल, तर घाईने कोणत्याही जुन्या टेपमध्ये घालू नका. खाडीकाठच्या दमट हवेत इतकी वर्षे राहिलेल्या फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पाहिल्यावर गुंडाळीच्या कडेला पांढुरकी पूड दिसली, तर ती न वाजवता जाणकाराकडेच द्या, कारण बुरशी टेपच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागून तेथून दुसऱ्या कॅसेटलाही लागते. फीत स्वच्छ दिसली, तर पुढचे काम घरीही करता येईल. कॅसेटच्या मागच्या कडेला डाव्या-उजव्या टोकांना प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या पाकळ्या असतात. त्या आधी मोडून टाका, म्हणजे रेकॉर्डचे बटण दाबलेच जाणार नाही आणि चुकून फीत पुसली जाण्याची भीती राहणार नाही. मग खालच्या, उघड्या बाजूला पाहा. धातूच्या बारीक पट्टीवर फेल्टची एक गादी चिकटवलेली असते आणि तीच फितीला हेडवर दाबून धरते. जुन्या कॅसेटींत ही गादी वाळून गळून पडते आणि आवाज घुसमटल्यासारखा येतो. माणसांना वाटते की फीत गेली. स्क्रू असलेली कॅसेट असेल तर गुंडाळी तशीच उचलून दुसऱ्या कॅसेटच्या चांगल्या सांगाड्यात बसवता येते. चिकटवलेली असेल तर ते काम दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवा. सैल पडलेली फीत पेन्सिल घालून हलक्या हाताने ताणून घ्या, टेपचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घ्या आणि ते वाळल्यावर आधी एखादी टाकाऊ कॅसेट वाजवून यंत्र फीत खात नाही ना, हे पाहा.

त्यानंतर हेडफोनच्या खोबणीतून तार काढून संगणकाला जोडायची आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पहिल्याच वादनाला सगळे उतरवून घ्यायचे. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या वेगाने सरकते, म्हणजे एका गाण्याला साडेआठ मीटरच्या आसपास फीत लागते. जुनी फीत असल्या प्रवासात कोठेही तुटू शकते, म्हणून ‘आधी एकदा ऐकून पाहू, मग उतरवू’ असे करू नका. मूळ प्रत वेव्ह (WAV) स्वरूपात, म्हणजे आवाज न आवळता, जशीच्या तशी ठेवा आणि कुटुंबाला पाठवायची प्रत वेगळी करा. एक सूचना विशेष लक्षात ठेवा. अशा सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीचा आवाज कमी करण्याची सोय असते आणि ती वापरण्याचा मोह प्रत्येकालाच होतो. तुमच्या बाबतीत पार्श्वभूमी हाच मुख्य ऐवज आहे, तेव्हा त्या बटणाला हात लावू नका. हे सगळे काम मुलीला बरोबर घेऊन करा. तिला तारा आणि सॉफ्टवेअर तुमच्यापेक्षा लवकर उमजेल, आणि दूध उतू जाण्याच्या क्षणाला ती मोबाइल बाजूला ठेवते की नाही, हे तुम्हीच पाहा.

मात्र तेथेही आईंना अचानक काही ऐकवू नका. ‘तुझा आवाज सापडला आहे, ऐकायचा आहे का?’ एवढे विचारा आणि त्यांच्या उत्तराप्रमाणे करा. स्वतःचा तरुणपणीचा आवाज आणि गेलेल्या नवऱ्याचा रागावलेला आवाज एकाच फितीवर ऐकणे कोणाला हवेसे वाटेल आणि कोणाला नकोसे, याचा अंदाज बाहेरच्याने बांधू नये. त्यांनी ऐकायचे ठरवले, तर ते घरी, दार लावून, त्यांच्या वेळेला. हॉलमधल्या कार्यक्रमात ही फीत नको, त्या स्वतःहून म्हणाल्या तरच.

राहिला कार्यक्रम. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे ८० वर्षे आणि १० महिने, आणि ती सगळी वर्षे तुमच्या आईंची आहेत. बाबांच्या आवडीची गाणी त्या दिवशी दुय्यम ठरतात. त्यांची गाणी कोणती, हे विचारायला अजून अवकाश आहे. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला माडगूळकर-फडक्यांचे नवे गाणे येत गेले, तेव्हा तुमच्या आई दहा वर्षांच्या असणार. त्यांच्या गावात रेडिओ कोणाकडे होता, त्या ऐकायला कोठे जात, की ऐकायलाच मिळत नसे? शाळेत कोणती गाणी होती, भोंडल्याला काय म्हणत, जात्यावरच्या कोणत्या ओव्या त्यांच्या आईच्या तोंडी होत्या? यांतली पाच-सहा गाणी मिळाली, तर ती गायिकेला निदान तीन आठवडे आधी कळवा, कारण भोंडल्याची गाणी तिच्या नेहमीच्या यादीत नसतील आणि ओवी तर ऐकल्याशिवाय बसणार नाही. औक्षणाच्या वेळी गाणे नसले तरी चालते. त्या वेळी बायका स्वतःच काही म्हणतात आणि ते वाद्यांपुढे ऐकू येत नाही.

तुमची पत्नी ‘नको’ म्हणाली, एवढेच तुम्ही लिहिले आहे. का म्हणाली, हे तुम्ही विचारलेले दिसत नाही. दिवसातला बराच वेळ आईंबरोबर त्याच असतात आणि त्याही लग्न होऊन या घरात आलेल्याच आहेत. आईंशी बोलण्यापूर्वी त्यांच्याशी बोला, आणि गाण्यांची यादी करण्याचे काम त्यांच्याकडे द्या.